तेलाच्या दाबाने लाकूड फोडण्याचे यंत्र

बांधावरची बाभूळ पाडणे हे हल्ली एका दुपारचे काम झाले आहे. पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत बहुतेक गावांत भाड्याने मिळते आणि तिच्यापुढे जुनाट खोडही फार वेळ टिकत नाही. परंतु झाड पाडल्यानंतरचे काम जेथल्या तेथेच आहे. डहाळ्यांचे सरपण होते, सरळ फांद्या मेढी व खुंट्यांच्या कामी येतात, आणि बुंध्याचे ओंडके मात्र गोठ्यामागे पडून राहतात. दोन पावसाळे गेले की त्यांत वाळवी शिरते, आणि ज्या लाकडावर घरचा बंब वर्षभर पेटला असता त्याची माती होते. तोड यंत्राने होऊ लागली व फोड घण-पाचरीवरच राहिली, त्याचा हा परिणाम होय. ह्यावर उपाय म्हणून लहान लोडरास जोडावयाचे लाकूड फोडण्याचे यंत्र आता पुढे आले आहे. ते कसे चालते, कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये, आणि विशेषतः त्यापासून माणसाचा हात कसा वाचवावा, हे आमच्या वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

लोणी काळभोर व आसपासच्या गावांस हा प्रश्न विशेष लागू आहे. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर येथे बागायत वाढली व बांधांवर झाडेही वाढली. शेजारी उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी 1967 साली स्थापिलेल्या बायफ संस्थेने पुढे चारा व जळण यांसाठी सुबाभळीचा पुष्कळ प्रसार केला. सुबाभूळ वेळच्या वेळी छाटली तर चारा देते. छाटणी चुकली की तिचा वृक्ष होतो आणि मग तो केव्हातरी तोडावाच लागतो. शिवाय पुणे शहर पूर्वेकडे सरकत आहे. शेतांचे प्लॉट पडतात, रस्ते रुंद होतात, आणि आंबा-चिंचेची जुनी झाडे आडवी होतात. घरोघर गॅस आला हे खरे, परंतु आंघोळीचे पाणी, लग्नकार्यातील स्वयंपाक आणि गुऱ्हाळाचे चुलवण यांस लाकूड अजून लागतेच.

लाकूड फोडावयाचे कशासाठी, हे प्रथम नीट समजले पाहिजे. ओंडका चुलीच्या तोंडात मावत नाही हे एक कारण झाले. पण खरे कारण पाण्याचे आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. सालीच्या आडून ते लवकर बाहेर पडत नाही. ओंडका चिरला की आतला गाभा वाऱ्यास उघडा होतो आणि काही महिन्यांत लाकूड वाळते. दहा किलो ओले लाकूड चुलीत घातले, तर त्यातील पाच किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे तीन हजार किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. वाळलेल्या बाभळीच्या एका किलोपासून साडेचार हजार किलोकॅलरींहून काहीशी अधिक उष्णता मिळते. म्हणजे सुमारे दोन तृतीयांश किलो चांगले लाकूड केवळ पाणी उडविण्यात जाते. धुरावाटे न जळता जो भाग निघून जातो तो तोटा निराळाच, आणि चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या डोळ्यांस होणारा त्रास कोणत्याच हिशेबात धरला जात नाही.

आता यंत्राकडे वळू. ज्याने डंपिंग ट्रॉली वापरली आहे त्यास ह्या यंत्राचे तत्त्व नवे नाही. ट्रॅक्टरचा पंप तेल दाबतो, ते नळीतून ट्रॉलीखालच्या जॅकमध्ये शिरते, आणि भरलेली ट्रॉली उचलली जाते. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखा पसरतो, हा पास्कल ह्या फ्रेंच पंडिताचा नियम त्याच्या मुळाशी आहे. ह्या नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने 1795 साली घेतले. लाकूड फोडण्याच्या यंत्रात तोच जॅक आडवा ठेवलेला असतो. एक भक्कम लोखंडी तुळई, तिच्या एका टोकास पोलादी पाचर, दुसऱ्या टोकास दट्ट्या, आणि दोहोंच्या मध्ये ओंडका. काही यंत्रांत पाचर स्थिर असते व दट्ट्या ओंडक्यास तिच्यावर ढकलतो. काहींत पाचरच पुढे येते. परिणाम एकच.

बळाचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. दट्ट्याचा व्यास 10 सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 78.5 चौरस सेंटिमीटर होते. लहान लोडरच्या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारे 200 किलो असतो. दोहोंचा गुणाकार 15,700 किलो, म्हणजे साडेपंधरा टनांहून अधिक. उसाने भरलेल्या आठ-दहा बैलगाड्यांचे ओझे एका पाचरीच्या धारेवर यावे तसे हे आहे. वेगही पाहावा. 60 सेंटिमीटर पुढे जाण्यास ह्या दट्ट्यास सुमारे पावणेपाच लिटर तेल लागते. पंप मिनिटास 60 लिटर तेल देत असेल तर पाच सेकंदांत फेर पूर्ण होतो, आणि परतीस तीन-चार सेकंद पुरतात. मिनिटास 20 लिटरच देणाऱ्या ट्रॅक्टरवर तेच यंत्र लावले तर बळ तितकेच मिळेल (दाब तितकाच असल्यास), परंतु वेळ तिप्पट लागेल. दाबाने बळ ठरते व तेलाच्या प्रवाहाने वेग ठरतो, एवढे लक्षात ठेवल्यास दुकानदाराच्या बोलण्यातील खरे-खोटे पुष्कळसे ओळखता येते.

ज्या लोडरास हे यंत्र जोडतात तो आपल्याकडे ‘बॉबकॅट’ ह्या नावाने ओळखला जातो, मग तो कोणत्याही कारखान्याचा असो. त्याची उत्पत्ती शेतकऱ्याच्या गरजेतून झाली आहे. अमेरिकेत मिनेसोटा संस्थानातील रॉथसे ह्या लहान गावी लुई व सिरिल केलर हे दोघे भाऊ लोहारकामाचा व दुरुस्तीचा कारखाना चालवीत. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यास खुराड्यातील खत काढण्यासाठी खांबांच्या मधून फिरेल असे लहान यंत्र हवे होते. 1957 साली केलर बंधूंनी ते तीन चाकांवर करून दिले. पुढच्या वर्षी मेलरो कंपनीने ते हाती घेतले, 1960 साली त्यास चार चाके आली, आणि 1962 पासून बॉबकॅट हे नाव पडले. त्याची चाके वळत नाहीत. एका बाजूची चाके हळू व दुसऱ्या बाजूची जलद फिरवून यंत्र जागच्या जागी घसरत वळते. त्यामुळे अरुंद जागेत ते सोयीचे पडते. परंतु अडीच-तीन टन वजनाचे हे धूड ओल्या काळ्या जमिनीत असेच वळविले तर जमीन खणून काढते व दाबूनही टाकते. म्हणून फोडीचे काम शेतात न करता मुरमाच्या टणक जागेवर, खळ्यावर किंवा रस्त्याच्या कडेस करावे.

लोडरास जोडावयाची यंत्रे मुख्यत्वे दोन तऱ्हेची आहेत. पहिल्या तऱ्हेत यंत्र जमिनीकडे तोंड करून बसविलेले असते. चालक जागेवरून न उठता यंत्र ओंडक्यावर आणतो, दट्टा व पाचर यांच्या चिमट्यात ओंडका धरतो, थोडा उचलतो व फोडतो. दुसऱ्या तऱ्हेत तुळई वरच्या अंगास उघडी असते आणि ओंडका कोणीतरी हाताने उचलून तिच्यावर ठेवावा लागतो. दुसरी तऱ्हा बनावटीस सोपी असते, परंतु आमचे मत स्पष्टपणे पहिलीच्या बाजूचे आहे. त्याचे कारण असे की, दुसऱ्या तऱ्हेत चालक लोडरवर बसला असेल तर ओंडका ठेवणारा गडी निराळा लागतो. ज्या देशांत ही यंत्रे घरोघर आहेत तेथील अनुभव असा आहे की, इजा होते ती बहुधा हातास व बोटांस, आणि एक माणूस लाकूड धरतो व दुसरा खटका ओढतो अशा वेळी धोका सर्वांत मोठा असतो. लाकूड धरणारास अजून सारखे करावयाचे असते, खटका ओढणारास वाटते की झाले. मध्ये एका क्षणाचे अंतर असते, आणि साडेपंधरा टनांचे बळ त्या क्षणाची वाट पाहत नाही. घण मारणारा माणूस समोरच्याचा हात पाहून थांबतो. तेलास डोळे नाहीत.

ह्यावरून जो नियम निघतो तो हा: जो ओंडका ठेवील त्यानेच खटका ओढावा. दुसऱ्या तऱ्हेचेच यंत्र मिळाले असेल, तर त्याचा खटका तुळईच्या बाजूस असावा, आणि लोडरचे हात जमिनीवर टेकवून, त्यास हँडब्रेक लावून एकाच माणसाने खाली उभे राहून काम करावे. इतरांनी दहा पावले दूर राहावे. त्यांचे काम फोडलेले लाकूड रचण्याचे, आणि तेही दट्टा थांबल्यावर.

काम करताना पाळावयाच्या इतर गोष्टी येणेप्रमाणे आहेत.

1. यंत्राची चाल 60 सेंटिमीटर असेल तर ओंडके 50 ते 55 सेंटिमीटरांचे कापावेत आणि दोन्ही तोंडे सरळ असावीत. तिरप्या तोंडाचा ओंडका दाबाखाली उसळतो.

2. पाचर लाकडाच्या शिरेबरोबर लावावी, आडवी कधीही लावू नये. चिंच व कडुनिंब यांच्या शिरा एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांचे ओंडके मधोमध न चिरता कडेकडेने सोलीत आत जावे. गाठ असेल ते टोक पाचरीपासून दूर ठेवावे.

3. बांधावरच्या झाडांत काटेरी तारेचे खिळे बुडालेले असतात. ओंडका फोडण्यापूर्वी पाहून घ्यावा.

4. ओंडका पाचरीत अडकला तर घण मारून सोडवू नये. दट्टा मागे घ्यावा, इंजिन बंद करावे, नळीतील दाब सोडावा, आणि मगच हात लावावा.

5. उचललेल्या लोडरच्या हातांखाली कोणत्याही कारणाने जाऊ नये.

6. धोतराचा सोगा, पदर, उपरणे व सैल बाही यांस यंत्राजवळ जागा नाही. डोळ्यांस चष्मा असावा.

सहाव्या नियमाच्या ओघात एका निराळ्या यंत्राविषयी इशारा देणे आम्हांस अवश्य वाटते. फिरत्या शंकूच्या आकाराचा, आटे पाडलेला पोलादी स्क्रू ट्रॅक्टरवर किंवा विजेच्या मोटारीवर लावून लाकूड फोडण्याची रीत हल्ली पसरत आहे. ते यंत्र स्वस्त पडते. परंतु तो स्क्रू लाकडाप्रमाणेच कापडही आत ओढतो, आणि ओंडका धरून ठेवला नाही तर ओंडक्यासकट फिरतो. तेलाच्या यंत्रात खटका सोडला की दट्टा थांबतो, अशी सोय करता येते व तशीच असलेले यंत्र घ्यावे. फिरता शंकू मात्र आपल्या वेगाने आणखी काही फेरे घेतोच. ते यंत्र आम्ही कोणास सुचविणार नाही.

तेलासंबंधी एक धोका असा आहे की तो डोळ्यांस दिसत नाही. नळीस सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तर त्यातून निघणारी तेलाची धार कातडीत शिरते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, दुखतही फारसे नाही, आणि माणूस घरी जाऊन हळद लावून निजतो. आत मात्र तेल पसरून मांस सडू लागते व काही तासांत हात गमावण्याची वेळ येते. म्हणून गळती हाताने कधीही चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. तेल कातडीत शिरल्याचा नुसता संशय आला तरी त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात शल्यवैद्याकडे जावे आणि दाबाचे तेल शिरले आहे असे स्पष्ट सांगावे.

हात गेला तर तो कोणाचा, हाही विचार करावयास हवा. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना 2023 सालची आहे. तीत अपघाताने मृत्यू आल्यास किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख व एक हात वा पाय गेल्यास एक लाख रुपये मिळतात. परंतु ती योजना खातेदार व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यासाठी आहे. ओंडका ठेवावयास उभा असतो तो बहुधा रोजाचा गडी, आणि त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. त्याची भरपाई मालकाकडे येते. 1923 च्या कामगार भरपाईच्या कायद्याने यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी शेतीकाम करणारास संरक्षण दिले होते, आणि त्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईच्या शक्तीची हानी शेकडा 30 व संपूर्ण तर्जनी गेल्यास शेकडा 14 धरली होती. मालकाची ही जबाबदारी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहे. आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली असल्यामुळे आकड्यांची आम्हांस सवय आहे. परंतु ज्या माणसाचे पोट दोन हातांवर आहे, त्याच्या अंगठ्याची खरी किंमत कोणत्याही रकान्यात बसत नाही. यंत्र आणण्यापूर्वी गड्याचा विमा उतरावा, हे आमचे सांगणे आहे.

झाडाच्या कागदासंबंधीही दोन शब्द लिहितो. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 25 प्रमाणे आपल्या जमिनीतील झाडांवर धारकाचा हक्क आहे. तथापि हक्क असणे निराळे आणि तोडण्याची मोकळीक असणे निराळे. 1964 च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, हिरडा इत्यादी झाडे आहेत. ती तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. बाभूळ व सुबाभूळ ह्या त्या अनुसूचीत नाहीत. शहराच्या हद्दीत मात्र 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा निराळा कायदा आहे, आणि हद्दी बदलत असतात. शेजारची मांजरी बुद्रुक 2021 साली पुणे महानगरपालिकेत गेली. आपले गट आज कोठे मोडतात हे आधी पाहावे. झाड दोघांच्या सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय करवत लावू नये. बांधावरच्या एका बाभळीपायी दोन घरांचे बोलणे पिढ्यान् पिढ्या बंद राहिल्याची उदाहरणे आम्ही आमच्या नोकरीत पुष्कळ पाहिली. लाकूड गावाबाहेर न्यावयाचे असल्यास वाहतुकीच्या पासाची चौकशी वनखात्याकडे करावी.

आता यंत्र घ्यावे की न घ्यावे? समजा, एक ओंडका वीस किलोचा आहे व तो उचलून, चार चिरा पाडून बाजूस टाकण्यास एक मिनिट लागते. तासास साठ ओंडके, म्हणजे बाराशे किलो लाकूड झाले. एका घरास वर्षास तीन टन लाकूड लागते असे धरले तरी अडीच तासांत वर्षाचे काम संपते. उरलेले वर्ष यंत्र छपराखाली गंजणार. यावरून उघड होते की, एकट्या शेतकऱ्याने हे यंत्र घेणे म्हणजे पैसा गाडून ठेवणे होय, आणि केवळ लाकडासाठी लोडर घेणे हे तर त्याहून अविचाराचे. शेण, खत, मुरूम यांच्या कामासाठी ज्या गावात लोडर आधीच फिरत आहे, तेथे सोसायटीने किंवा अवजारे बँकेने फक्त फोडणीचे जोडयंत्र घ्यावे व तासाच्या दराने द्यावे. घेण्यापूर्वी लोडरच्या तेलाचा दाब, मिनिटाचा प्रवाह, पुढच्या पाट्याची बनावट, उचलण्याची क्षमता व नळ्यांचे जोड ह्या पाच गोष्टी कागदावर लिहून विक्रेत्याकडून सही घ्यावी.

सामाईक यंत्र आपोआप टिकत नाही, हे थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना 2011 साली बंद पडलेला पाहिलेल्या ह्या भागास निराळे सांगावयास नको. यंत्राबरोबर एक वही असावी. तीत तास, डिझेल, तेल, दुरुस्ती व घेणाराचे नाव रोजच्या रोज लिहावे. व्याज, झीज, दुरुस्ती व चालकाचा पगार ह्या सर्वांची बेरीज वर्षाच्या तासांनी भागून जो आकडा येईल त्याहून दर कमी ठेवू नये. पंचांच्या भाच्यासही नाही. चालक एकच असावा. घण चालविणाऱ्या मजुरांपैकी एखादा जाणता तरुण निवडून त्यासच हे काम शिकवावे. शिरा, गाठी व लाकडाचा स्वभाव त्यास ठाऊक असतो, आणि यंत्राने ज्यांचा रोजगार कमी होणार त्यांपैकी एकाची तरी सोय लागते.

पावसाळा संपून जमीन टणक झाली की कार्तिकात ही फोड उरकावी. फोडलेले लाकूड जमिनीवर न टाकता दोन दगडांवर आडव्या बल्ल्या ठेवून त्यांवर मोकळे रचावे. वारा खालून फिरला म्हणजे ते लवकर वाळते व वाळवीही लागत नाही. उन्हाळाभर तसेच ठेवून मृगापूर्वी वरून आच्छादन करावे. पहिल्या वर्षी सोसायटीने यंत्र विकत न घेता आठ दिवस भाड्याने आणून पाहावे, तासांची व लाकडाची नोंद ठेवावी, आणि ओंडका ठेवणाराच खटका ओढील हा नियम पहिल्या ओंडक्यापासून पाळावा. त्या वहीतील आकडे पाहून खरेदीचा ठराव मांडावा.